महिला क्रिकेट संघाचे प्रशिक्षकपद : चर्चेतील नावे आणि निवडीचे वास्तव

सांगली : राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद रिकामे झाले, की संभाव्य नावांच्या चर्चेला ऊत येतो. नामवंत माजी कसोटीपटू, परदेशी प्रशिक्षक आणि पूर्वी हे पद भूषविलेले जुने मानकरी अशी यादी तयार होते. भारतीय महिला क्रिकेट संघावर २०१७ ते २०२३ या काळात अशी वेळ वारंवार आली. सांगलीकरांना हा विषय परका नाही. माधवनगरात लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना त्यातील एका वादात थेट सहभागी होती.

पूर्णिमा राव यांच्या जागी एप्रिल २०१७ मध्ये बडोद्याचे तुषार आरोठे यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये संघाने लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. मात्र इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी पराभव झाला. पुढच्या वर्षी आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशाने धक्का दिला आणि जुलै २०१८ मध्ये आरोठे पायउतार झाले. मुंबईचे माजी फिरकी गोलंदाज रमेश पोवार यांच्याकडे आधी हंगामी आणि नंतर ३० नोव्हेंबर २०१८ पर्यंत ही जबाबदारी देण्यात आली.

स्मृतीचे पत्र

नोव्हेंबर २०१८ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये झालेल्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यातून अनुभवी मिताली राज हिला वगळण्यात आले. भारत हा सामना ८ गड्यांनी हरला आणि संघातील धुसफूस चव्हाट्यावर आली. मितालीने मंडळाला पत्र लिहून पोवार यांच्याविरुद्ध तक्रार केली. उलट कर्णधार हरमनप्रीत कौर आणि उपकर्णधार स्मृती मानधना यांनी स्वतंत्र पत्रे लिहून पोवार यांनाच कायम ठेवण्याची विनंती केली. प्रशिक्षक कोण असावा, हे ठरविताना खेळाडूंच्या मताला किती वजन द्यायचे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. प्रशासक समितीचे विनोद राय आणि डायना एडलजी यांच्यातही या प्रक्रियेवरून एकमत नव्हते.

पहिली पसंती, दुसरी निवड

अखेर कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये मुलाखती घेतल्या. भारतीय पुरुष संघाला २०११ चा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक गॅरी कर्स्टन यांना समितीची पहिली पसंती होती. मात्र बंगळूरच्या आयपीएल संघाशी असलेली बांधिलकी त्यांच्या आड आली. दुसऱ्या क्रमांकावरील डब्ल्यू. व्ही. रामन यांची निवड झाली. व्यंकटेश प्रसाद तिसऱ्या क्रमांकावर राहिले. नाव कितीही मोठे असले, तरी तो उमेदवार प्रत्यक्ष उपलब्ध आहे का, या प्रश्नाशी सारे येऊन थांबते, हे त्या वेळी स्पष्ट झाले.

रामन यांच्या कारकिर्दीत संघाने मार्च २०२० मध्ये मेलबर्न येथे ट्वेन्टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. तरीही मे २०२१ मध्ये मदनलाल, रुद्रप्रताप सिंग आणि सुलक्षणा नाईक यांच्या समितीने पुन्हा पोवार यांच्याच नावावर शिक्कामोर्तब केले. डिसेंबर २०२२ मध्ये पोवार यांची बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत बदली झाली. त्यानंतर सुमारे दहा महिने संघाला पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नव्हता.

साताऱ्यातील वेगळे चित्र

वैयक्तिक खेळात हे गणित बरेच निराळे असते. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तेथेच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे हाही त्याच स्पर्धेत जगज्जेता ठरला. येथे खेळाडू आपला गुरू स्वतः निवडतो. सांघिक खेळात मात्र पंधरा जणींसाठी एक प्रशिक्षक समिती निवडते. त्यामुळेच निवडीची प्रक्रिया पारदर्शक असणे आणि निवडलेल्या व्यक्तीला पुरेसा अवधी मिळणे, या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

मुजुमदार यांची निवड

जुलै २०२३ मधील मुलाखतींच्या वेळी अमोल मुजुमदार, तुषार आरोठे आणि इंग्लंडचे जॉन लुईस यांची नावे चर्चेत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदार यांची नियुक्ती जाहीर झाली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारतीय संघात कधी स्थान मिळाले नव्हते. आंतरराष्ट्रीय सामन्याचा अनुभव नसलेला प्रशिक्षक या पदाला न्याय देईल का, अशी शंका त्यामुळे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकातील भारताचे आव्हान साखळीतच संपल्यावर शंका वाढली. या वेळी मात्र प्रशिक्षक बदलला नाही.

२०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात ओळीने तीन सामने गमावल्यानंतर संघ सावरला. उपान्त्य फेरीत ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान त्याने पार केले आणि २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला. स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक ४३४ धावा सांगलीच्या स्मृतीने केल्या.

या यशाचे श्रेय एकट्या प्रशिक्षकाला देणे योग्य ठरणार नाही. ते प्रथम खेळाडूंचे आहे. तरीही मागील आठ वर्षांचा धडा स्पष्ट आहे. या काळात एका पराभवानंतर, एका पत्रव्यवहारानंतर प्रशिक्षक बदलत गेले. अपयशानंतरही ज्याला वेळ दिला गेला, त्याच्याच कारकिर्दीत विश्वचषक हाती लागला. यापुढे हे पद रिकामे होईल तेव्हा नावांची चर्चा पुन्हा रंगेलच. त्या वेळी 'कोण येणार' या प्रश्नाइतकाच 'त्याला किती काळ काम करू देणार' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.