स्टूल टेस्टची गस्त
नोएडातल्या माझ्या फौजी मित्राला शौचातून रक्त जात होतं. पण स्टूल टेस्ट निगेटिव्ह आली होती, म्हणून तो निर्धास्त राहिला. मोठ्या आतड्याचा कर्करोग उशिरा कळला.

१८६४ मध्ये डच शास्त्रज्ञ व्हान डीन यांनी ग्वायकम झाडाच्या राळेने रक्त ओळखलं. १९६७ मध्ये अमेरिकेचे डॉक्टर ग्रीगर यांनी हीच युक्ती कार्डावर आणली. १९९३ च्या मिनेसोटा अभ्यासात दरवर्षी चाचणी केल्याने या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. तरी २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात नव्या ‘फिट’ चाचणीतून ६५ पैकी १७ कर्करोग निसटले. गाठीतून रोज रक्त येतंच असं नाही.

एका गस्तीत शत्रू दिसला नाही म्हणून गस्त थांबत नाही. चाचणी ठरल्या वेळी करा. रक्त दिसलं तर रिपोर्ट काहीही असो, डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल विचारा.