मोहरीची एक ओळ

कोबीच्या पानांना खिडक्या पडल्यात, ही तक्रार आमच्या गटाच्या बैठकीत दर हिवाळ्यात येते. हिरवा भाग खाल्लेला, वर नुसता पापुद्रा. पान हलवलं की बारीक हिरवी अळी वळवळत मागे सरते आणि तार सोडून लोंबकळते. आज हिचीच गोष्ट सांगतो.

कोबी मूळचा इथला नव्हे. तो पोर्तुगीजांबरोबर आला. नावही त्यांच्या 'कोव्ह' या शब्दावरून पडलं, असं मानतात. या अळीची भारतातली नोंद 1914 सालची. तिचा पतंग पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनी ठिपके दिसतात, म्हणून तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग.

मग डीडीटी आलं. ते किडे मारतं हे शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना 1948 साली नोबेल मिळालं. आता किडी संपल्या, असंच लोकांना वाटलं. पण तीनच वर्षांत, 1951 साली, जावा बेटावर कोबीवरची ही अळी डीडीटीला दाद देईना. पिकावरच्या किडीने डीडीटी पचवल्याची ती पहिली नोंद. पुढे एकेक नवं औषध आलं, तेही तिने पचवलं. 1990 च्या सुमारास हवाई बेटांवर तर जिवाणूंपासून केलेलं बीटीसुद्धा! उबदार हवेत तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत होते. फवाऱ्यातून ज्या चार वाचतात, त्यांचीच पिल्लावळ पुढे वाढते. आम्ही मात्र पंपात औषध वाढवत राहतो. फवारतात घरधनी, पण तो कोबी कापायला, चिरायला हात आमचेच.

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या श्रीनिवासन आणि कृष्णमूर्ती यांनी वेगळा विचार केला. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते, मग ती त्याला देऊन टाकावी. त्यांची पद्धत 1991 साली छापून आली. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीची एक जोडओळ: एक ओळ कोबी लावण्याआधी 15 दिवस पेरायची, दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे पहिली निबर होईतो दुसरी कोवळी असते. पतंग अंडी मोहरीवर घालतो, मावाही तिकडेच जमतो. परसात 25 ओळी कुठल्या? आम्ही वाफ्याच्या कडेने मोहरी टाकतो. पण तिच्याकडे बघायला हवं, नाहीतर तीच अळ्यांचं माहेर होते. अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, गाळायची, पाणी घालून 10 लिटर करायची आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारायची.

गड्डा अंगठ्याने दाबून टणक लागला की काढायचा. थांबलात आणि वर पाणी दिलंत तर तो तडकतो. बाहेरची दोन-तीन पानं ठेवून विळ्याने कापायचा. औषध मारलंच असेल, तर डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय विळा लावू नका. राहिलेल्या खुंटाला पुन्हा छोट्या गड्ड्या फुटतात. त्या लोभाने आम्हीही एकदा खुंट ठेवले होते; अळ्यांनी त्यावरच बस्तान बसवलं. आता कापणीच्याच दिवशी खुंट उपटतो आणि खड्ड्यात पुरतो.