जनरेटरचं एंड वाइंडिंग: न फिरणारा भाग का थरथरतो आणि त्यावर नजर कशी ठेवतात?

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात 500 मेगावॅटचे संच आहेत, तर कोराडीत 660 मेगावॅटचे. अशा प्रत्येक संचात एक अवाढव्य जनरेटर असतो. त्यातला फिरणारा भाग म्हणजे रोटर, आणि त्याच्याभोवतीचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. आपल्याला मिळणारी वीज स्टेटरच्या तांब्याच्या वाइंडिंगमध्ये तयार होते. गंमत म्हणजे हे स्थिर वाइंडिंगही सतत थरथरत असतं.

कंपन येतं कुठून?

वीज वाहणारे तांब्याचे बार एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो, एकदा सरळ आणि एकदा उलट दिशेने. म्हणून धक्के बसतात सेकंदाला 100, म्हणजे दिवसाला 86 लाख 40 हजार!

स्टेटरच्या लोखंडी गाभ्यातल्या खाचांमध्ये हे बार पाचरी मारून घट्ट बसवलेले असतात. पण गाभ्याच्या दोन्ही टोकांना जो वळलेला भाग बाहेर येतो, म्हणजे एंड वाइंडिंग, त्याला आधार असतो ब्रॅकेट, ठोकळे आणि रेझिनच्या बांधण्यांचा. खरी काळजी इथेच असते.

धोका कधी?

झोपाळ्याला नेमक्या वेळी छोटा धक्का दिला तरी तो उंच जातो. तसंच, एंड वाइंडिंगची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी 100 हर्ट्झजवळ आली तर कंपन खूप वाढतं. डिझाइन करतानाच ती 100 पासून लांब ठेवतात. पण वर्षानुवर्षं धक्के खाऊन बांधण्या सैल पडतात आणि ती खाली सरकते. समजा, 115 असलेली फ्रिक्वेन्सी घसरत 100 कडे आली, तर? इन्सुलेशन घासलं जातं, तांबं थकून त्याला तडे जातात. या बारवर हजारो व्होल्टचा दाब असतो. शॉर्ट सर्किट झालं तर संच कित्येक महिने बंद राहू शकतो.

मोजतात कसं?

*बंप टेस्ट:* मशीन बंद असताना खास हातोडीने ठिकठिकाणी हलकेच ठोकतात आणि सेन्सरने नैसर्गिक फ्रिक्वेन्सी शोधतात. गरम झाल्यावर वाइंडिंगचा ताठपणा कमी होतो, त्यामुळे थंड मशीनचा आकडा 100 च्या थोडा वर असला तरी निश्चिंत राहता येत नाही.

*चालू मशीनवर:* फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती अ‍ॅक्सेलरोमीटरमुळे. इथेही तोच लागतो, पण इतक्या व्होल्टेजजवळ धातूची वायर नेणं धोक्याचं. म्हणून फायबर ऑप्टिक सेन्सर लावतात. त्यात सिग्नल काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपात येतो.

*डोळ्यांनी:* ओव्हरहॉलच्या वेळी बांधण्यांजवळ बारीक पूड किंवा तेलात कालवलेला चिकट थर दिसला, तर काहीतरी घासतंय हे नक्की. या थराला ‘ग्रीसिंग’ म्हणतात.

आकडे वाचायचे कसे?

एफएफटी नावाचं गणित कंपनातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करतं. 3000 आरपीएमच्या मशीनमध्ये 50 हर्ट्झचं कंपन बहुधा रोटरकडून येतं, तर 100 हर्ट्झचं विद्युतचुंबकीय बलामुळे.

पण एकाच रीडिंगवरून निष्कर्ष काढत नाहीत. लोड आणि तापमान बदललं की कंपनही बदलतं. लोड तोच, तापमान तेच, तरी 100 हर्ट्झचा आकडा महिन्यामागून महिने चढतोय? मग समजायचं, आधार सैल होतोय. हे वेळेत कळलं तर ठरवून घेतलेल्या शटडाऊनमध्ये बांधण्या पुन्हा घट्ट करता येतात.