टोपी कशाची? ससाणा, कातडं आणि हिरडा

आज एक असा प्रश्न घेऊया, जो पहिल्यांदा ऐकताना इतिहासाचा वाटतच नाही. शिकारी ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायची हाताने शिवलेली टोपी टिकाऊ हवी असेल, तर कातडं कोणत्या प्राण्याचं घ्यावं? हौशी माणूस लगेच नावं घेईल : कांगारू, शहामृग, घोरपड. संशोधन करणाऱ्याने मात्र आधी प्रश्नच तपासून घ्यायचा असतो. 'कोणाचं कातडं?' हा प्रश्न अर्धा आहे. 'कशात कमावलेलं?' हा उरलेला अर्धा, आणि तो आपल्याला थेट चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात घेऊन जातो.

आधी टोपीचं काम समजून घ्या. ससाण्याचं सगळं जग नजरेचं. डोळे झाकले की तो शांत बसतो, उगाच फडफडत नाही. भारतात हे पक्षी पाळणारे त्यांचे दोन गट करत : काळ्या डोळ्यांचे, म्हणजे बहिरी, शाहीन वगैरे, आणि पिवळ्या डोळ्यांचे, म्हणजे बाज, शिक्रा वगैरे. टोपी मुख्यतः पहिल्या गटासाठी. युरोपला ही टोपी पूर्वेकडून मिळाली. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने पक्ष्यांच्या शिकारीवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि टोपीचा वापर आपण अरबांकडून घेतला हे त्याने त्यात मान्य केलं आहे. पुढे डच पद्धतीची टोपी लाकडी साच्यावर तीन तुकडे जोडून होऊ लागली, तर भारतीय टोपी साधारण एकाच तुकड्याची. दोन्हींची गरज एकच : कातडं पातळ हवं, हलकं हवं, पण आकार सोडून डोळ्याला टेकता कामा नये.

आता कागदपत्रांकडे वळू. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त शिकारी पक्ष्यांच्या किमती मोहरांमध्ये दिल्या आहेत. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आपल्या वैरागडची हिऱ्याची खाण येते. म्हणजे बघा, पक्ष्याची किंमत नोंदली गेली, हिराही नोंदला गेला. कातडं कमावणारा ढोर आणि ते शिवणारा चांभार मात्र अशा दरबारी नोंदीत नावानिशी सापडत नाही. अशा वेळी इतिहासकाराला वस्तूलाच साक्षीला बोलवावं लागतं, आणि वस्तूची भाषा रसायनशास्त्राची असते.

कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची वीण. गायी-म्हशीच्या कातड्यात हे तंतू सगळ्या दिशांनी गुंतलेले असतात. ते तासून पातळ केलं की तंतू मधेच कापले जातात आणि ताकद झपाट्याने उतरते. कांगारूच्या कातड्यात तंतू बरेचसे पृष्ठभागाला समांतर असतात, म्हणून ते पातळ केलं तरी चिवट राहतं. टोपी करणाऱ्यांना ते आवडतं त्याचं कारण हे. बकऱ्याचं कातडं मुळातच पातळ असल्याने त्याला फार तासावं लागत नाही. इथपर्यंत प्राण्याचा मुद्दा खरा आहे.

पण टिकाऊपणा म्हणजे नुसती आजची ताकद नव्हे. पन्नास वर्षांनी काय? याचं चांगलं उदाहरण लंडनमध्ये मिळतं. तिथल्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या चामडी बांधण्या लाल भुकटी होऊन झडू लागल्या, तेव्हा सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० मध्ये चौकशी समिती नेमली. समितीला आढळलं ते असं : काही वनस्पतींच्या टॅनिनमध्ये कमावलेलं कातडं टिकतं, काहींचं लवकर कुजतं. कोळशाच्या आणि गॅसदिव्यांच्या धुरातला गंधक त्याला कारणीभूत ठरत होता. खराब ठरलेल्यांत भारतातून गेलेली, तरवडाच्या सालीत कमावलेली बकऱ्या-मेंढ्यांची कातडी होती. हो, आपल्या माळावर पिवळ्या फुलांनी बहरतो तोच तरवड! टिकणाऱ्या गटात सुमाक होता, आणि रासायनिक वर्गीकरणात हिरडाही त्याच गटातला.

हिरड्याच्या वाळलेल्या फळात सुमारे ३० टक्के टॅनिन असतं. नुसत्या हिरड्यात कमावलेलं कातडं मऊ, भुसभुशीत होतं, म्हणून कारागीर त्यात बाभळीची साल मिसळतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं याच जोडीवर उभं आहे. लोखंडाशी संबंध आला की हिरडा काळा पडतो. त्यामुळे जुन्या कातड्यावर काळा डाग दिसला, तर जवळ लोखंड होतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि गंधकाचा मुद्दा लंडनपुरता नाही. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र असलेल्या चंद्रपुरात जुनी चामडी वस्तू जपायची असेल, तर तो आपलाही मुद्दा आहे.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बहिरी ससाणा, घोरपड, अजगर हे सगळे पहिल्या अनुसूचीत आहेत. ससाणा पकडणं गुन्हा, घोरपडीचं कातडं बाळगणंही गुन्हा. तेव्हा 'प्रयोगासाठी थोडंसं' असं म्हणत कुणाकडून नमुना घेऊ नका. संग्रहालयातली वस्तू बघा, परवानगी घ्या, आणि मगच चाचणीचं बोला.

हिरड्याची गोष्ट वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज म्हणून ग्रामसभेच्या हक्कात आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्याखाली. म्हणून सांगतो, टोपीचा इतिहास लिहायला बसलात तर राजाच्या मनगटावरून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. पक्षी, टोपी, कातडं, कमावण्याचा हौद, फळ, झाड आणि ते फळ वेचणारे हात, अशी साखळी मागे मागे शोधत जा. तुमच्या प्रबंधात त्यातली एक कडी जरी पक्की झाली, तरी 'ऐन'मध्ये न आलेला माणूस इतिहासात येईल.