वाटाड्या

ट्रेकिंगवाल्या मंडळींना एक साधा प्रश्न. नकाशावर नाव कुणाचं लागतं? वाट दाखवणाऱ्याचं, की त्याच्या मागून चालणाऱ्याचं?

ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडा आणि अगदी नैऋत्य कोपऱ्यात या. इथे अल्बनी नावाचं छोटं बंदर आहे. जवळच माउंट बार्कर, डेन्मार्क नदी आणि विल्सन इनलेट. थोडं वर उत्तरेला कोळशाच्या खाणींचं गाव, कॉली. बार्कर, विल्सन, कॉली हे तिघेही इंग्रज सरकारच्या नोकरीतले. आणि तिघांनाही ओळखणारा एक माणूस होता, मिनांग नूंगार जमातीचा मोकारे. आजची गोष्ट त्याची.

आधी थोडं ऋतूंबद्दल. युरोपातून आलेल्यांनी आपले चार ऋतू उलटे करून इथे चिकटवले. नूंगार लोकांचे मात्र आपल्यासारखेच सहा. बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, कंबारांग. साधारण दोन-दोन महिन्यांचे, पण तारखेला बांधलेले नाहीत! पिवळ्या वॉटलला बहर आला की जिल्बा, रानफुलांचे गालिचे पसरले की कंबारांग. नावंही प्रदेशागणिक थोडी बदलतात. आणि हे कॅलेंडर भिंतीवर टांगायचं नाही, चालायचं असतं. माकुरूच्या थंडी-पावसात कांगारूच्या कातड्याचा 'बुका' पांघरून लोक समुद्र सोडून आत सरकायचे, उन्हाळ्यात माशांसाठी परत किनाऱ्यावर. म्हणजे कुठल्या महिन्यात पाणी कुठे, खायला काय, वाट कुठली मोकळी, हे सगळं डोक्यात पक्कं असायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटाबेस मेमरीत, बॅकअप म्हणजे पुढची पिढी.

१८२६ च्या डिसेंबरात मेजर लॉकियर 'अ‍ॅमिटी' जहाजातून शिपाई आणि कैदी घेऊन इथे उतरला. या छोट्याशा छावणीत मोकारेची ये-जा सुरू झाली. तो इंग्रजी शिकला, दुभाषा झाला, वाटाड्या झाला. १८२९ च्या डिसेंबरात नौदलाचा डॉक्टर थॉमस ब्रेडवुड विल्सन आतला मुलुख बघायला निघाला तेव्हा पुढे मोकारे होता. हा बिराकचा आरंभ. पाऊस ओसरलेला, रान सुकायला लागलेलं. याच काळात नूंगार लोक रानाचे ठरावीक तुकडे पेटवत. जुनं गवत जळून पाय टाकायला जागा होई, नव्या कोवळ्या गवताला कांगारू येत. मनाला येईल तिथे काडी लावायची नाही हां, ज्याची जमीन त्याचा तो हक्क. त्यामुळे गोऱ्यांना जे 'निर्मनुष्य जंगल' वाटलं, ते खरं तर पिढ्यान् पिढ्या निगा राखलेलं रान होतं.

त्या फेरीत विल्सनने वाटेतल्या नदीला डेन्मार्क नाव दिलं, देशावरून नव्हे, तर अलेक्झांडर डेन्मार्क नावाच्या नौदलाच्या डॉक्टरवरून. पुढे खाडीला विल्सनचंच नाव मिळालं. त्या नदीचं आधीचं नाव मोकारेला नक्की ठाऊक असणार. नव्या नकाशात त्याला जागा मिळाली नाही, एवढंच.

छावणीचा प्रमुख कॅप्टन कॉलेट बार्कर मात्र वेगळा माणूस. मोकारेशी तासन् तास गप्पा मारायचा आणि डायरीत लिहून ठेवायचा. मिनांग लोकांच्या त्या काळातल्या जगण्याबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंचसं या डायरीमुळे. त्यानंतर १८३१ मध्ये डॉक्टर अलेक्झांडर कॉली आला, त्याचीही मोकारेशी गट्टी जमली. पण त्याच वर्षी २६ जूनला, ऐन माकुरूत, मोकारे आजारपणात गेला. त्याचा भाऊ नाकिना याने जागा दाखवली आणि गोरे-काळे दोघांनी मिळून त्याला पुरलं. हे फार दुर्मिळ होतं. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १८३४ मध्ये, उत्तरेला पिंजारा इथे गव्हर्नर स्टर्लिंगच्या तुकडीने नूंगार लोकांची कत्तल केली.

१८३५ मध्ये कॉली वारला. त्याची शेवटची इच्छा होती की मला मोकारेशेजारी पुरा. तसं झालंही. पण नंतर कॉलीचे अवशेष दुसऱ्या दफनभूमीत हलवले गेले. मोकारे तिथेच राहिला. ती जागा आज अल्बनीच्या टाऊन हॉलच्या परिसरात असल्याचं मानलं जातं.

अल्बनीत आता मोकारेचा पुतळा आहे. आणि सुमारे १००० किलोमीटरची बिबलमन ट्रॅक ही पायवाट पर्थजवळच्या कालामुंडाहून निघून, जारा-कारीच्या जंगलांतून, डेन्मार्कवरून अल्बनीला येऊन संपते. वाटभर झाडांवर पिवळे त्रिकोण ठोकलेत, त्यावर वागल, म्हणजे नूंगार लोकांचा सृष्टी घडवणारा सर्प. ट्रेकर मंडळी तो त्रिकोण शोधत पुढे जातात.

नदी अजून डॉक्टर डेन्मार्कच्याच नावाने वाहते. पण निदान रस्ता विचारायचा तर आज पुन्हा नूंगार खूणच बघावी लागते, हेही काही कमी नाही.