दोन हातांचं शास्त्र

तेराव्या शतकात दमास्कसचा हकीम इब्न अबी उसैबिआ याने हकिमांच्या चरित्रांचा मोठा अरबी ग्रंथ लिहिला. त्यात बगदादच्या दरबारातला एक किस्सा आहे. खलीफा हारून अल-रशीद यांचा चुलतभाऊ इब्राहिम बिन सालेह याचा इंतकाल झाल्याची खबर आली, कफनही चढलं. सालेह बिन बहला या हिंदुस्थानी वैद्याने मात्र ते मानलं नाही. त्याने नखाखाली सुई टोचली तर हात हलला. मग भात्याने नाकात औषधी पूड फुंकली आणि इब्राहिम शिंकून उठला. सांगताना किश्शात भर पडली असेल. पण निपचित पडलेल्या माणसाला परत आणता येईल, हा विचार किती जुना आहे ते यावरून कळतं.

पुढे १७६७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये कालव्यांत बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. ती सामान्य लोकांना उपाय सांगायची. तोंडाने श्वास देण्यासारखा योग्य उपाय त्यात होता, आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडण्यासारखा निरुपयोगीही! म्हणजे नुसती इच्छा पुरत नाही, पद्धतही बरोबर हवी.

ती पद्धत बाल्टिमोरमध्ये सापडली. जॉन्स हॉपकिन्समध्ये विजेच्या झटक्यावर प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या एक गोष्ट लक्षात आली. कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या दाबल्या की रक्तदाब वाढतो. त्यातून १९६० मध्ये कौवेनहोवन, जूड आणि निकरबॉकर यांचा लेख आला. छाती न उघडता, बाहेरून दाबूनही रक्त फिरवता येतं, आणि त्यासाठी दोन हात पुरतात, हे त्याचं सार. यातले कौवेनहोवन डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. त्याच सुमारास पीटर सफर यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत सिद्ध केली होती. दोन्ही मिळून आजचं सीपीआर झालं.

आता आपल्या गांधीबागेकडे या. मेयो हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, १०८ ची ॲम्ब्युलन्सही आहे. पण कपडा बाजाराच्या गल्लीत हातठेले, स्कूटर आणि गिऱ्हाइकांची गर्दी असते तेव्हा हाकेचं अंतरही लांब होतं. हृदय बंद पडल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात पोहोचणारा माणूस शेजारचा दुकानदार किंवा हमालच असतो. तो काय करतो? तोंडावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो, रिक्षा शोधतो. माया असते, पण छाती कोणी दाबत नाही.

करायचं ते थोडकं आहे. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही किंवा नुसते आचके देतोय, तर एकाला १०८ ला फोन करायला सांगा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरे सरळ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. थकलात तर दुसऱ्याने घ्या. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्यांसाठी फक्त छाती दाबण्याचीच पद्धत सुचवली, त्यामुळे तोंडाला तोंड लावण्याचा संकोचही उरत नाही.

एकदा शिकलो, झालं, असं मात्र नाही. १५ दाब आणि २ श्वास हे प्रमाण २००५ मध्ये ३० आणि २ झालं. आधी श्वास की आधी छाती, हा क्रम २०१० मध्ये उलटला. शिवाय सराव नसेल तर काही महिन्यांतच हात विसरतो, दाब उथळ पडतो. पाढे म्हटले नाहीत तर मुलं विसरतात, तसंच हे.

पोलिसांच्या झंझटीची भीती अनेकांना वाटते. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

म्हणून शाळा, मशीद, मंदिर, बाजाराची कमिटी, जिथे चार माणसं जमतात तिथे वर्षातून एकदा तरी पुतळ्यावर सराव ठेवा. अर्धा दिवस जाईल. छाती दाबणाऱ्याला समोरच्याची जात-जमात विचारायला फुरसतच नसते, आणि बगदादच्या त्या वैद्यानेही ती विचारली नव्हती.