हॉर्निमन सर्कल

हॉर्निमन सर्कल (पूर्वीचे नाव एल्फिन्स्टन सर्कल) हा मुंबईच्या फोर्ट भागातील वर्तुळाकार उद्यान आणि त्याभोवतीच्या एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारतींचा समूह आहे. पूर्वेला टाउन हॉल व पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल असून त्या दोहोंना जोडणाऱ्या वीर नरिमन मार्गाच्या दुतर्फा या इमारती कमानदार वळणाने उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बांधलेला हा समूह कालदृष्ट्या व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतला असला, तरी त्याची मूळ कल्पना जॉर्जियन नगररचनेतून आलेली आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये चार जॉर्ज राजांच्या काळात (१७१४ ते १८३०) सलग घरांची ओळ बांधून तिला एकाच प्रासादाचे रूप देण्याची पद्धत रूढ झाली. बाथ येथील सर्कस आणि रॉयल क्रेसेंट (१७६७–७५) ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. तेथे दर्शनी भिंत वास्तुविशारदाच्या नकाशाप्रमाणेच बांधावी लागे. तिच्या मागचे घर मात्र प्रत्येक खरेदीदार आपल्या सोयीने बांधी. रॉयल क्रेसेंट समोरून शिस्तबद्ध आणि मागून अस्ताव्यस्त दिसते, ते यामुळेच. या पद्धतीला दुकानांची जोड लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर जॉन नॅश याने दिली. तेथील वळणावर त्याने दुकानांपुढे खांबांची झाकलेली वाट बांधली होती. तिच्यामुळे दुकानांत अंधार येतो, अशी दुकानदारांची तक्रार होऊन १८४८ साली ती पाडण्यात आली. मुंबईत पुढे दोन दशकांच्या आत तशीच वाट बांधली गेली आणि ती आजही उभी आहे. लंडनच्या मंद उजेडात जी अडचण ठरली, ती मुंबईच्या उन्हापावसात सोय ठरली.

इतिहास

सर्कलच्या जागी पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होते. किल्ल्याच्या तटबंदीच्या आत असलेल्या या मैदानावर कापसाच्या गाठी रचल्या जात. धूळ व आगीची भीती यांमुळे १८४४ च्या सुमारास कापसाचा बाजार कुलाब्याला हलवण्यात आला. टाउन हॉल मात्र १८३३ मध्येच पूर्ण झाला होता. टॉमस कूपर या लष्करी अभियंत्याने ग्रीक धाटणीत बांधलेल्या त्या भव्य वास्तूसमोर ओसाड मैदान होते. टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांपासून मुंबई शेअर बाजाराची परंपरा सांगितली जाते.

या मैदानाभोवती इमारतींचे वर्तुळ उभारण्याची कल्पना शहराचे पोलीस प्रमुख चार्ल्स फॉर्जेट यांची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन व नंतर सर बार्टल फ्रियर यांनी तिला पाठबळ दिले. नगरपालिकेने जमीन घेतली, तिचे भूखंड पाडले आणि ते व्यापारी पेढ्यांना नफ्याने विकले. भूखंड घेणाऱ्याने ठरलेल्या दर्शनी आराखड्याप्रमाणेच बांधकाम करावयाचे, अशी ही व्यवस्था होती; बाथच्या पद्धतीशी तिचे नाते उघड आहे.

योजनेचा काळही अनुकूल होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. रेल्वे १८६० मध्ये सोलापुरापर्यंत पोहोचली होती. १८६३ मध्ये बोरघाटाचा टप्पा पुरा झाल्यावर दख्खनचा माल थेट बंदरावर येऊ लागला. फोर्टमधील जागेला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास फ्रियर यांच्या आदेशाने किल्ल्याचे तट पाडले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. इमारती मात्र उभ्या राहिल्या. मधले सुमारे अडीच एकरांचे उद्यान १८७२ मध्ये पूर्ण झाले.

वास्तुरचना

इमारतींचा एकसमान दर्शनी आराखडा जेम्स स्कॉट यांचा आहे. शैली अभिजात-इटालियन वळणाची आहे: तळमजल्यावर सलग कमानी, वर ओळीने खिडक्या आणि सर्व इमारतींना एका रेषेत बांधणारी कंगणी. कमानींच्या मध्यशिळांवर मानवी मुखे कोरलेली आहेत. लोखंडी ओतकाम इंग्लंडहून मागवले होते. कमानींखालची वाट देवळाभोवतालच्या ओवऱ्यांची आठवण करून देते. पादचारी तिच्यातून वर्तुळाच्या बऱ्याच भागाला पावसात न भिजता फेरी घालू शकतो. बाथच्या घरांना अशी वाट नाही.

या समूहाचे सौंदर्य एखाद्या इमारतीत नाही, ते पुनरावृत्तीत आहे. नेमकी हीच त्याची दुर्बळ बाजूही आहे. दर्शनी भाग एक, पण मालक अनेक असल्याने एखाद्याने केलेला वेगळा रंग, मोठी पाटी किंवा बाहेर काढलेले वातानुकूलन यंत्र साऱ्या ओळीचा तोल बिघडवते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यावर फोर्टमधील अनेक जुन्या इमारतींच्या देखभालीसाठी मालकांना प्रोत्साहन उरले नाही. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली आणि अशा दर्शनी भागांच्या बदलांवर बंधने आली.

नामांतर

स्वातंत्र्यानंतर सर्कलला बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या फिरोजशहा मेहतांनी स्थापन केलेल्या वृत्तपत्राचे ते संपादक होते. सरकारवरील कडक टीकेमुळे १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना हिंदुस्थानातून हद्दपार केले; १९२६ मध्ये ते परतले. गव्हर्नरच्या नावाच्या जागी, त्याच सरकारने बाहेर काढलेल्या इंग्रज पत्रकाराचे नाव येणे हा मुंबईतील नामांतरांमधला वेगळा प्रकार आहे. १८२२ साली सुरू झालेल्या ‘मुंबई समाचार’ या गुजराती दैनिकाची लाल इमारतही याच परिसरात आहे. येथील कॉर्नवॉलिस यांचा पुतळा आता भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

सद्यस्थिती

तळमजल्यांवर प्रामुख्याने बँका व कार्यालये होती. २०११ मध्ये हर्मेस या फ्रेंच कंपनीचे दालन येथे उघडले. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी लगतच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्सचे भारतातील पहिले दुकान सुरू झाले. उद्यानात काळा घोडा महोत्सवाचे कार्यक्रम होत आले आहेत.